खान्देशातून कोकण रेल्वे: उजेड धरून गाडी कशी निवडायची आणि तिकीट स्वस्तात कसं पाडायचं

आमच्या अमळनेरला कोणी म्हटलं ना की यंदा कोकणात जायचंय, तर घरातला पहिला प्रश्न असतो "मुंबईला कोणाकडे उतरायचं?" म्हणजे आधी मुंबई, तिथं नातेवाइकांकडे एक रात्र, मग दुसऱ्या दिवशी कोकणची गाडी. मी पण पहिल्यांदा असंच केलं होतं. मुंबईहून रात्रीची गाडी पकडली, सकाळी डोळे उघडले तर गोवा आलेलं, आणि ज्या लाइनसाठी एवढा आटापिटा केला ती सगळी झोपेत निघून गेली. पैसे गेले, सुट्टी गेली, आणि खिडकीतून पाहिलं काय तर काळोख. तेव्हापासून एक गोष्ट पक्की केली आणि ज्याला ज्याला प्लॅन करून देतो त्याला तीच सांगतो, की आधी उजेड बघायचा, मग गाडी, मग तिकीट. आणि चांगली गोष्ट अशी की सगळ्यात छान दिसतं ते स्वस्तातल्या डब्यातूनच, त्यामुळे नजारा आणि खिसा यात भांडण होत नाही.

पायरी पहिली, गाडी आपल्याच स्टेशनावरून जाते हे लक्षात घ्या

दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस (१२६१८) भुसावळ, जळगाव, नाशिकरोड, कल्याण, पनवेल करत सरळ कोकण रेल्वेवर उतरते. रोजची गाडी आहे. आपल्याकडे ती रात्री येते, पहाटे पहाटे पनवेल, सकाळी रत्नागिरी, दुपारी मडगाव, म्हणजे बघा, आपला झोपायचा भाग कसारा घाटापर्यंत आणि उजेडाचा भाग नेमका कोकणात. एवढं सोयीचं टाइमटेबल मुंबईकरांना पण सहज मिळत नाही. तरीपण आपल्याकडची निम्मी माणसं या गाडीला "केरळवाली गाडी" म्हणून सोडून देतात, ती रत्नागिरीला थांबते हे त्यांच्या गावीच नसतं.

मध्ये एक नागपूर-मडगाव स्पेशल पण भुसावळवरून सुटत आलीय, आठवड्यातून दोन दिवस. पण स्पेशलचं भाडं नेहमीच्या गाडीपेक्षा जास्त लागतं आणि मुदत संपली की ती बंद पण होते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका, मंगला फुल्ल असेल तरच बघा.

आता कोण कुठून बसणार. जळगाव-भुसावळवाल्यांना काही सांगायची गरज नाही. अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबार ही सगळी सुरत लाइनची गावं, त्यांनी संध्याकाळच्या गाडीने जळगाव गाठायचं. नंदुरबारवाल्यांना दुसरा रस्ता पण आहे, सुरतला जाऊन ओखा-एर्नाकुलमसारखी गाडी धरायची जी वसई, पनवेल करून कोकणात जाते, पण ती रोज नाही म्हणून वार बघूनच ठरवा. धुळेवाल्यांचा मोह असतो धुळे-मुंबई गाडीचा, सरळ बसलं आणि मुंबई. पण ती दुपारी मुंबईला टाकते आणि पुढची गाडी रात्रीची मिळते, परत तोच काळोख. त्यापेक्षा एसटीने जळगाव नाहीतर नाशिक करा. एसटीत बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या लोकांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट. आजी, आई, मावशी असा लवाजमा असेल तर स्टेशनपर्यंतचा खर्च जवळपास निघूनच जातो.

मंगलाचं तिकीट अजिबातच मिळत नसेल तर दुसरा मार्ग. रात्री जळगावहून मुंबईकडे जाणारी अशी गाडी धरा जी पहाटे साडेपाचच्या आत कल्याणला टाकेल, मग लोकलने ठाणे, आणि ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस (१०१०३), ती सकाळची असते आणि संध्याकाळपर्यंत मडगाव, पूर्ण दिवस खिडकीत. किंवा लोकलने दिवा आणि तिथून दिवा-सावंतवाडी, ही जवळपास प्रत्येक स्टेशनाला थांबते, वेळ खाते, पण घाई नसेल तर कोकण बघायला हिच्यासारखी गाडी नाही. फक्त कल्याणला हातात किमान दीड तास ठेवा, कारण आपल्याकडून जाणाऱ्या गाड्या लांबून आलेल्या असतात, लेट होणं चालूच असतं.

पायरी दुसरी, कधी जायचं

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्ही पण घालवा, कारण चुकीच्या महिन्यात गेलात तर तिकीट पण महाग पडतं आणि बघायला पण काही नसतं.

जुलै-ऑगस्ट म्हणजे धबधबे. आपल्याकडे पेरण्या होऊन कोळपणी-निंदणी चालू असते, शेतीवाल्यांना चार दिवस काढणं अवघड, पण नोकरीवाल्यांना जमतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मला स्वतःला सगळ्यात आवडतो, भात पिवळं पडायला लागलेलं असतं, डोंगर हिरवेच असतात आणि खिडकी उघडी ठेवली तरी माणूस भिजत नाही. पण कापूस वेचणीला त्याच सुमारास सुरुवात होते म्हणून कापूसवाल्यांनी जानेवारी-फेब्रुवारी धरा. थंडी मोडलेली, आकाश साफ, पाणी कमी पण खाड्या निळ्याशार. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे माहेरी जमतात आणि मग कोणीतरी म्हणतं चला कोकणात, तर ते टाळा. एप्रिल-मे मध्ये डोंगर करपलेले, घामाच्या धारा आणि चाकरमान्यांची गर्दी, तिन्ही एकदम.

आणि गणपती! गणपतीच्या आठ दिवस आधी आणि पाच दिवस नंतर खान्देशातून फिरायला म्हणून कोकणात जाऊच नका. त्यांचा तो वर्षाचा सण आहे, आपल्याकडे कानबाईला जशी मुंबई-सुरतची सगळी भाऊबंदकी गावात येते ना तसंच त्यांचं. तिकिटं उघडताच काही मिनिटांत संपतात. शिमग्याला आणि नाताळ-३१ डिसेंबरला पण तीच परिस्थिती.

पावसाळ्याची एक महत्त्वाची गोष्ट. कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. दरडीच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात त्यामुळे वेळा बदलतात, आणि लांबून येणाऱ्या काही गाड्या तर सुरुवातीच्या स्टेशनावरूनच वेगळ्या वेळी सुटतात. तिकीट काढताना जी वेळ दिसली तीच धरून बसू नका, निघायच्या आठवडाभर आधी एनटीईएस (गाड्यांच्या वेळा दाखवणारं रेल्वेचं) ॲपवर परत बघा. आणि पावसाळ्यात परतीच्या दिवसानंतर एक दिवस मोकळा ठेवाच. २०२४ च्या जुलैत खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्याजवळ दरड कोसळली तेव्हा जवळपास एक दिवस लाइन बंद होती, लोकं गाडीतच अडकली. सोमवारी सकाळी ड्युटीवर हजर राहायचंच असेल तर रविवारी रात्री घरी पोचण्याचा प्लॅन पावसाळ्यात करू नका.

पायरी तिसरी, तिकीट कधी आणि कसं

आता रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, निघायचा दिवस सोडून (आधी १२० दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले). सकाळी ८ वाजता. आयआरसीटीसीच्या अकाऊंटला आधार जोडून ठेवा, कारण बुकिंग उघडताना आणि तत्काळला आधार व्हेरिफाय केलेल्या अकाऊंटवरूनच ऑनलाइन तिकीट निघतं. हे काम आदल्या रात्री करायला बसू नका, ओटीपी येत नाही, नाव जुळत नाही, अशा शंभर भानगडी असतात. प्रवाशांची मास्टर लिस्ट पण आधीच भरून ठेवा म्हणजे ८ वाजता नावं टाइप करत बसावं लागत नाही.

तारीख मोजायला चुकतात लोकं, म्हणून उदाहरण. समजा ४ ऑक्टोबरला जळगावहून निघायचंय, तर ६० दिवस मागे म्हणजे ५ ऑगस्टला सकाळी ८ ला बुकिंग उघडणार. एक बारकावा आहे, दिवस गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनावरून मोजतात. मंगला निजामुद्दीनहून पहाटे सुटून त्याच रात्री आपल्याकडे येते म्हणून तारीख तीच राहते, पण ज्या गाड्या आदल्या दिवशी सुटून आपल्याकडे दुसऱ्या दिवशी येतात, जशी दिल्लीकडून येणारी गोवा एक्सप्रेस, त्यांचं बुकिंग एक दिवस आधीच उघडलेलं असतं.

आता वेटिंगचं. आपण अधल्यामधल्या स्टेशनावरून बसतो त्यामुळे आपल्याला बऱ्याचदा आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनाच्या कोट्याचं) किंवा पीक्यूडब्ल्यूएल (अनेक स्टेशनांच्या एकत्र कोट्याचं) वेटिंग मिळतं आणि ते कन्फर्म व्हायची शक्यता जीएनडब्ल्यूएल (गाडीच्या सुरुवातीच्या बाजूचं नेहमीचं वेटिंग) पेक्षा कमी असते. म्हणून वेटिंग २० दिसतंय म्हणजे होईल असं समजू नका. जळगाव आणि भुसावळ दोन्हीकडून तपासा, कधी कधी एका ठिकाणी वेटिंग आणि दुसऱ्या ठिकाणी बर्थ असतो. अजून एक, मागच्या मोठ्या स्टेशनावरून (खंडवा, इटारसी) तिकीट काढून बोर्डिंग जळगाव टाकता येतं, भाडं थोडं वाढतं पण कन्फर्म होत असेल तर परवडतं. बोर्डिंग बदललं की मात्र आधीच्या स्टेशनावरून चढायचा हक्क राहत नाही हे ध्यानात ठेवा. ऑनलाइन काढलेलं वेटिंग चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, त्या तिकिटावर गाडीत चढू नका.

बुकिंग करताना विकल्प नावाची एक सोय विचारतात, की या गाडीत नाही मिळालं तर दुसऱ्या गाडीत देऊ. एरवी चांगली आहे पण या ट्रिपला ती घेऊ नका, कारण ती तुम्हाला रात्री कोकणातून जाणाऱ्या गाडीत पण टाकू शकते आणि मग सगळा खेळच संपला.

पायरी चौथी, भाडं कसं बनतं ते समजून घ्या म्हणजे वाचवता येतं

रेल्वेचं भाडं टेलिस्कोपिक असतं, म्हणजे जितकं लांबचं एकच तिकीट तितका पुढच्या प्रत्येक किलोमीटरचा दर कमी. आपली माणसं काय करतात, जळगाव ते कल्याण एक तिकीट, कल्याण ते रत्नागिरी दुसरं, आणि मडगाव तिसरं. तीन वेळा सुरुवातीचा महाग दर लागतो, शिवाय प्रत्येक तिकिटाला माणशी रिझर्वेशन चार्ज (सेकंड सीटिंगला १५, स्लीपरला २०, थ्री एसीला ४० रुपये) आणि सुपरफास्ट असेल तर सरचार्ज (सेकंडला १५, स्लीपरला ३०, एसीला ४५) परत परत. पाच जणांच्या कुटुंबाला हे जाता-येता हजाराच्या घरात जाऊ शकतं. म्हणून जिथवर जमेल तिथवर एकच सरळ तिकीट.

पण मध्ये रत्नागिरीला उतरायचं असेल तर? त्याला ब्रेक जर्नी म्हणतात. तिकीट ५०० किलोमीटरच्या वरचं असेल तर ५०० किलोमीटर झाल्यावर एकदा मध्ये थांबता येतं, दोन दिवसांपर्यंत, आणि १००० च्या वर असेल तर दोनदा. जळगाव-मडगावच्या तिकिटात रत्नागिरी या नियमात आरामात बसतं. पण हे ऑनलाइन होत नाही, काउंटरवर जाऊन फॉर्मवर दोन्ही गाड्यांचे नंबर लिहायचे आणि सांगायचं "भाऊ, रत्नागिरी ब्रेक जर्नी, पुढे मांडवी". सकाळच्या गर्दीच्या वेळी नका जाऊ, दुपारी जा, तेव्हा समोरचा माणूस पण शांतपणे ऐकून घेतो.

एक गोष्ट बघून चक्रावू नका. कोकण रेल्वेच्या भागात भाड्यासाठी किलोमीटर साधारण ४० टक्के वाढवून धरतात, ती लाइन बांधायला आलेला खर्च वसूल व्हावा म्हणून. त्यामुळे तिकिटावरचं अंतर नकाशातल्या अंतरापेक्षा बरंच जास्त दिसतं. ती चूक नसते, आणि ब्रेक जर्नीचे ५०० किलोमीटर लवकर भरतात हा त्यातला फायदाच समजा.

बाकी बारीकसारीक बचत भराभर सांगतो. काउंटरवर तिकीट काढलं तर कन्व्हिनियन्स फी लागत नाही, ऑनलाइन लागते, पण यूपीआयने भरलं तर नॉन एसीला १० आणि एसीला २० रुपये अधिक जीएसटी, कार्डने वगैरे भरलं तर १५ आणि ३०. ही फी तिकिटामागे असते, माणसामागे नाही, म्हणून सहा जणांपर्यंत एकाच तिकिटात बसवा. पाच वर्षांच्या आतल्या पोराला बर्थ नको असेल तर फुकट, ५ ते १२ ला बर्थ न घेता अर्धं, बर्थ घेतला तर पूर्ण. रात्रीचा प्रवास आहे, सात-आठ वर्षांचं पोरगं आईच्या कुशीत मावतं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, कोणी मिळवून देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका. लोअर बर्थचा कोटा मात्र ज्येष्ठांना आहे, तो जरूर टाका.

तत्काळ एसीचं आदल्या दिवशी १० ला आणि नॉन एसीचं ११ ला उघडतं, स्लीपरला माणशी १०० ते २०० रुपये जास्त लागतात आणि कन्फर्म झालेलं रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही. कुटुंबाची ट्रिप तत्काळवर आखू नका. आणि एजंट! आमच्या एका ओळखीतल्या माणसाला एकाने तिकिटामागे ४०० रुपये जास्त घेऊन दुसऱ्याच्या नावाचं तिकीट दिलं होतं, गाडीत टीसीने पूर्ण दंड लावला. तिकीट नेहमी स्वतःच्या नावाचं आणि पीएनआर स्वतः तपासलेलं.

चार्ट लागल्यावर रिकामे राहिलेले बर्थ करंट बुकिंगला मिळतात. रत्नागिरी-मडगाव सारख्या छोट्या टप्प्याला हे बऱ्याचदा जमून जातं. साधं अनारक्षित तिकीट रेलवन ॲपवर मोबाईलवरच निघतं, रांग नको. पण जळगावहून रात्रभर जनरलमधून बायकापोरांना नेऊ नका, एवढी काटकसर बरी नव्हे.

पायरी पाचवी, डबा आणि खिडकी

स्लीपर घ्या. एसीची काच पिवळट असते, बाहेरून धुळीने माखलेली, पावसात तर वाफ धरते. थ्री एसीला स्लीपरच्या साधारण अडीचपट पैसे मोजून तुम्ही कोकण काचेआडून बघणार. स्लीपरची खिडकी उघडी, मातीचा वास येतो, बोगद्यात शिरताना गार हवा तोंडावर आपटते. म्हातारी माणसं असतील, उन्हाळा असेल तर एसी समजू शकतो, नाहीतर नाही. जनशताब्दीला काचेचं छप्पर असलेला विस्टाडोम डबा असतो, हौस म्हणून छान, पण भाडं बघून ठरवा. वंदे भारत जून २०२३ पासून मडगावपर्यंत जाते, तिच्यात लवकर पोचता, पण आपल्याला तर उशिरा पोचायचंय.

बर्थमध्ये साइड लोअर मागा. स्लीपरला ७, १५, २३, ३१ असे आठ-आठने वाढणारे नंबर साइड लोअरचे. दिवसा तो दोन खुर्च्यांसारखा उघडतो आणि समोरासमोर दोघांना खिडकी मिळते. आरएसी मिळाली तर हाच बर्थ दोघांत वाटून असतो, रात्री त्रास होतो पण दिवसा राजेशाही.

डावी की उजवी बाजू हे सगळेच विचारतात. पनवेलहून मडगावकडे जाताना समुद्र उजवीकडे आणि सह्याद्री डावीकडे. पण खरं सांगतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाडीतून समुद्र असा दिसत नाहीच, लाइन आत डोंगरातून गेलीय. दिसतात त्या नद्या, खाड्या, भातखाचरं, लाल मातीचे कापलेले कडे. पावसाळ्यात डोंगराची बाजू जास्त बोलकी असते. पाण्याची मोठी रुंदी बघायची असेल तर गोव्यात मांडवी आणि झुआरीचे पूल, आणि पुढे कर्नाटकात कारवारजवळ काळी नदी, होन्नावरला शरावती, तिचा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे. एक दिवस जास्त असेल तर मडगावहून मंगळुरूकडे जाणाऱ्या साध्या गाडीने दिवसाउजेडी तेवढा भाग करून या, खर्च फार नाही.

पायरी सहावी, कुठे जागं राहायचं

रोहा सोडलं की कोकण रेल्वे सुरू, तिथून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली बांधली गेली आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण लाइन सुरू झाली. दोन हजारांच्या आसपास पूल आणि नव्वदच्या वर बोगदे, म्हणजे काही ठिकाणी मोबाईलवर फोटो काढायला हात वर करावा तोवर परत अंधार. आधी माहिती असेल तर हाताशी येतं.

वीरच्या आसपास सावित्री नदी, मग खेडच्या अलीकडे नातूवाडीचा चार किलोमीटरहून मोठा बोगदा, चिपळूणला वाशिष्ठी. मग संगमेश्वर गेलं की सगळ्यांना उठवा, कारण पुढे उक्षी येतं. उक्षी स्टेशनाजवळ रानपाटचा धबधबा लाइनला इतका लागून आहे की पावसाळ्यात तुषार डब्यात येतात. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आईला घेऊन गेलो होतो, ती २३ नंबरच्या बर्थवर मांडीवर डबा घेऊन दशमी मोडत होती. धबधबा आला, पाण्याचा आवाज गाडीच्या आवाजावर चढला, तिच्या चष्म्यावर थेंब उडाले, आणि हातातला घास तसाच ठेवून ती म्हणाली, "कितलं पानी शे व माय!" आमची बोरी नदी वर्षातले कितीतरी महिने वाळूच दाखवते, उन्हाळ्यात टँकरची वाट बघत ती मोठी झाली. तिने चष्मा पुसला नाही बराच वेळ.

उक्षीनंतर लगेच करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर. गाडी आत शिरली की काही मिनिटं नुसता काळोख आणि घुमणारा आवाज, लहान पोरं घाबरतात, आधी सांगून ठेवा. खिडकीबाहेर हात-डोकं काढू देऊ नका, भिंत अगदी जवळ असते. मग रत्नागिरी. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात पानवलचा पूल, ६४ मीटर उंच. गाडीतून बघताना पूल दिसत नाही हो, फक्त एकदम दोन्ही बाजूंची जमीन खाली निघून जाते आणि झाडांचे शेंडे तळहाताएवढे दिसायला लागतात. आवाज पण बदलतो, त्यावरून ओळखा. पुढे कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, इथे डोंगर थोडा लांब जातो आणि काजू-माडाच्या बागा सुरू होतात.

पायरी सातवी, परतीचा रस्ता वेगळा घ्या

हे फार कमी लोकांना सुचतं. परतीची मंगला (१२६१७) मडगावला मध्यरात्रीनंतर अडनिड्या वेळी येते. त्यापेक्षा वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्सप्रेस (१२७७९) धरा. ती मडगाव करून कुळे ते कॅसलरॉक असा ब्रागांझा घाट चढते, ३७ ला १ असा चढ, मागून जास्तीची इंजिनं लावतात, आणि घाटात गाडी दूधसागरच्या समोरून जाते. ३१० मीटर उंचीचा धबधबा. मग रात्री मिरज, पहाटे पुणे, दौंड, मनमाड, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जळगाव-भुसावळ. म्हणजे जाताना समुद्राकडची लाइन, येताना घाट, आणि घरी गाडी न बदलता. दूधसागरला गाडी हळू झाली तरी उतरू नका, रुळांवर चालायला बंदी आहे आणि पोलीस खरंच पकडतात. डिसेंबर-जानेवारीत लवकर अंधार पडतो, गाडी तास-दीड तास लेट झाली तर दूधसागर हुकतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

असा वेगळ्या रस्त्याने जाऊन-येऊन प्रवास असेल तर सर्क्युलर जर्नी तिकीट निघतं. जिथून निघालात तिथेच परत, मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबा. एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि प्रत्येक भागाला एकेरी लांबच्या तिकिटाचा दर लावतात, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांपेक्षा स्वस्त पडतं. हे विभागाच्या कमर्शियल खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं, आणि आपलं नशीब चांगलं की डीआरएम ऑफिस (रेल्वे विभागाचं मुख्य ऑफिस) भुसावळलाच आहे. कागदावर रूट स्पष्ट लिहून न्या: भुसावळ, कल्याण, पनवेल, रत्नागिरी, मडगाव, लोंढा, मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, कुठे किती दिवस थांबणार ते पण. ते तिकीट झालं की प्रत्येक टप्प्याचं रिझर्वेशन वेगळं घ्यावं लागतं, म्हणून ६० दिवसांच्या आधीच ऑफिसात एक चक्कर मारून माहिती काढा. चार-पाच ठिकाणी उतरणार असाल तरच या खटपटीचा उपयोग, फक्त गोवा करून यायचं असेल तर साधी दोन तिकिटं बरी.

बरोबर काय घ्यायचं

दशम्या दोन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, केळीचे वेफर्स. कळण्याची भाकरी पहिल्या रात्रीच संपवा. भरीत नेऊ नका, आंबतं. मांडवीत पॅन्ट्रीचं खाणं बरं असतं, पण मंगलात सकाळचा चहा येईपर्यंत वाट बघावी लागते म्हणून थर्मास. पावसाळ्यात खिडकीजवळच्या बर्थला एक जुना टॉवेल लागतोच, काच बंद केली तरी खालून पाणी झिरपतं. मोबाईलला बोगद्यांत रेंज नसते, तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आधार कार्ड खरं जवळ असू द्या. आणि जळगावहून बसल्या बसल्या चार वाजताचा अलार्म लावा, पनवेल सुटलं की उठून तोंड धुवून खिडकी धरा, कारण रोह्याच्या पुढे फटफटायला लागतं आणि तेव्हा डोंगरांवर जे धुकं असतं ते तासाभरात उडून जातं.